दुहेरी काचेतलं धुकं: एका मोटरहोमच्या तीन खिडक्यांचं प्रकरण

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, दुहेरी काचांमध्ये धुकं धरलं की बरेच मालक तो नुसता दिसण्याचा प्रश्न समजतात आणि पडदा ओढून घेतात. या प्रकरणात ती सोय नव्हती. पहिली खराब झालेली खिडकी ड्रायव्हरच्या डाव्या हाताची होती. अमेरिकेत वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि डावा आरसा त्याला याच काचेतून दिसतो. बसएवढी लांब गाडी लेन बदलत असताना त्या आरशात मागचा ट्रक दिसला नाही, तर काय होईल ते सांगायला नको. गाडी ज्यांची, त्या काकूंनी फोनवर मला एवढंच सांगितलं, "अरे, सकाळी निघालो की तासभर त्या आरशात नुसतं पांढरं दिसतं. ह्यांना लेन बदलायची म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो."

गाडी मागे डिझेल इंजिन असलेली, इंडियाना राज्यातल्या एल्खार्ट भागात बांधलेली. अमेरिकेतल्या अशा गाड्यांचा मोठा वाटा त्याच भागात तयार होतो. पहिले मालक टेक्सासच्या किनाऱ्यावरचे, ह्यूस्टनच्या बाजूचे. काका-काकू राहतात डेन्व्हरच्या उत्तरेला. काका निवृत्त झाल्यावर त्यांनी ती वापरलेली गाडी घेतली. उन्हाळाभर रॉकी पर्वतात भटकायचं आणि थंडी कडक झाली की ॲरिझोनात किंवा टेक्सासच्या किनाऱ्याला जायचं, असा त्यांचा शिरस्ता. मी काचेच्या कामातला, म्हणून फोन माझ्याकडे आला.

प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा खिडक्या एक नव्हे, तीन निघाल्या. ड्रायव्हरच्या खिडकीची पुढची स्थिर काच, जेवणाच्या टेबलापाशी असलेली मोठी स्थिर काच आणि झोपायच्या खोलीतली संकटकाळी बाहेर पडायची खिडकी. ड्रायव्हरच्या काचेत सकाळी धुकं यायचं आणि ऊन चढलं की जायचं. टेबलापाशीच्या काचेत मात्र खालच्या कडेने चार बोटं रुंदीचा पांढरट पट्टा कायमचा बसला होता. झोपायच्या खोलीत कोपऱ्यात थेंब दिसत होते.

अशा काचेची रचना सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साधारण ३ मिलिमीटरच्या दोन टेम्पर्ड काचा, म्हणजे भारतात ज्याला टफन्ड म्हणतात त्या, आणि त्यांच्यामध्ये चहूबाजूंनी फिरणारी एक पट्टी, तिला स्पेसर म्हणतात. पट्टीच्या पोटात ओलावा शोषणारे दाणे असतात. पट्टी आणि काच यांच्यामध्ये ब्युटाइलचा, म्हणजे चिकट रबरासारख्या द्रव्याचा, पातळ थर असतो. वाफेला अडवण्याचं खरं काम तो करतो. त्याच्या बाहेर, काचांच्या कडेला दुसरा जाड थर असतो पॉलिसल्फाइडचा, पॉलियुरेथेनचा किंवा गरम करून ओतलेल्या ब्युटाइलचा. दोन काचा एकमेकींना धरून ठेवायचं काम त्याचं. मधली हवा कोरडी राहते ती या साखळीमुळे. साखळीतली एक कडी सुटली की बाहेरची दमट हवा हळूहळू आत शिरते, दाणे ती पीत राहतात, आणि ते तुडुंब झाले की पुढचा ओलावा काचेवर दिसायला लागतो. म्हणजे धुकं दिसलं त्या दिवशी सील गेलेलं नसतं, ते केव्हाच गेलेलं असतं.

किती पाणी लागतं असं धुकं धरायला? ९० बाय ६० सेंटिमीटरची खिडकी आणि मध्ये १० मिलिमीटर अंतर धरलं, तर आतली हवा साडेपाच लिटरच्या आत भरते. २० अंश सेल्सिअसला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे या खिडकीत जास्तीत जास्त एक दशांश ग्रॅम, जेमतेम दोन थेंब. डोंगरातल्या थंड रात्री त्यातलं बहुतेक पाणी काचेवर जमतं आणि आरसा गायब होतो. मला हा आकडा महत्त्वाचा वाटतो. "थोडीशीच फट आहे, वरून सिलिकॉन मारून घेतो" असं म्हणणाऱ्याला दोन थेंब अडवायचे आहेत, हे ठाऊक असायला हवं.

घराच्या खिडकीपेक्षा मोटरहोमच्या खिडकीचं सील लवकर जातं, याचं एक कारण सगळे सांगतात: रस्त्याचे हादरे. ते खरं आहे, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण दाबाचं आहे. घराची खिडकी एका उंचीवर जन्म काढते. ही काच इंडियानात, समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवर हवा कोंडून बंद झाली. डेन्व्हरला, १,६०० मीटरवर, बाहेरचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे ८२ टक्के असतो. रॉकीच्या घाटातला, आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ३,४०० मीटरच्या आसपास आहे. तिथे तो दोन तृतीयांशापर्यंत उतरतो. आतली कोंडलेली हवा तेवढ्या जोराने काचा बाहेर ढकलते आणि कडेचं सील ताणलं जातं. काका सकाळी घरून निघून दुपारपर्यंत घाट चढून पलीकडे उतरतात, तेवढ्यात काचा फुगून पुन्हा बसतात. त्यात तापमानाची भर. गडद रंगाची काच उन्हात ७० अंशांपर्यंत तापते, हिवाळ्यातल्या रात्री उणे २० पर्यंत उतरते. या दोन टोकांमध्ये कोंडलेल्या हवेचा दाब एक तृतीयांशाहून जास्त बदलू पाहतो. खिडकी लोहाराच्या भात्यासारखी वर्षानुवर्षं हलत राहते आणि ज्या दिवशी सीलला बारीकशी चीर पडते, त्या दिवसापासून ती प्रत्येक हालचालीला थोडी दमट हवा आत ओढते.

पण हे स्पष्टीकरण मला पुरत नव्हतं. गाडीला खिडक्या बऱ्याच. सगळ्या एकाच वयाच्या, सगळ्यांनी तेच घाट पाहिलेले. मग गेल्या त्या तीनच का?

आधी बाकीच्या खिडक्या खरंच धड आहेत का ते पाहिलं. त्यासाठी साधी चाचणी आहे. सपाट पिशवीत बर्फ भरून काचेला बाहेरून काही मिनिटं टेकवून ठेवायचा, मग पिशवी काढून काच पुसायची आणि पाहायचं. आत ओलावा असेल तर बर्फाच्या आकाराचा धुरकट डाग काचांच्या मध्ये उमटतो, तो पुसून जात नाही. नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसणारी खिडकीसुद्धा यात पकडली जाते. त्या तिघींव्यतिरिक्त फक्त ओट्याजवळच्या छोट्या खिडकीत फिकट डाग आला. बाकी सगळ्या कोरड्या.

मग मी गाडीभोवती फिरून फ्रेमच्या खालच्या कडा पाहिल्या, आणि उत्तर तिथे होतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला खालून पाणी निघून जाण्यासाठी बारीक खाचा असतात. पावसाचं पाणी रबराच्या कडेने थोडं तरी फ्रेममध्ये उतरतंच, ते उतरणार हे धरूनच फ्रेम केलेली असते, आणि या खाचांतून ते बाहेर पडावं अशी योजना असते. तिन्ही खराब खिडक्यांच्या खालच्या कडेवर कुणीतरी कधीतरी सिलिकॉनची लांब रेघ ओढली होती. गळती थांबवायला म्हणून सगळ्या खाचा बुजवल्या होत्या. ओट्याजवळच्या खिडकीला रेघ नव्हती, पण खाचांत रस्त्याची धूळ घट्ट बसली होती. धड खिडक्यांच्या खाचा मोकळ्या होत्या.

काकांना मी तिथेच उभं करून दाखवलं. ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे पाणी बाहेरून आत येऊ नये म्हणून त्यांनी आतलं पाणी कोंडून ठेवलं." नेमकं तेच. काचेची खालची कड महिनोन्महिने पाण्यात उभी. सीलसाठी वापरलेली द्रव्यं पावसाला तोंड देतात, पण साचलेल्या पाण्यात कायम बुडून राहिली तर काचेवरची त्यांची पकड सुटते. टेक्सासच्या किनाऱ्याची दमट हवा आणि रॉकीचे घाट यांनी उरलेलं काम केलं. म्हणून नुसती काच बदलून त्याच फ्रेममध्ये बसवली असती, तर काही वर्षांत तोच फोन पुन्हा आला असता.

उपाय निवडताना एक मार्ग मी पहिल्यांदाच बाजूला काढला. घरांच्या खिडक्यांसाठी काही लोक काचेला बारीक भोक पाडून आतली वाफ काढतात आणि भोकात झडप बसवतात. मोटरहोमच्या काचा टेम्पर्ड असतात. टेम्पर्ड काचेला भोक पाडायला गेलं की ती क्षणात चुरा होते. ती कापताही येत नाही. आकार, गोल कोपरे, भोकं सगळं भट्टीत जाण्याआधीच करावं लागतं. राहिले तीन मार्ग: त्याच काचा उघडून पुन्हा सील करणं, नव्या काचांचं युनिट करून घेणं, किंवा आख्खी खिडकी फ्रेमसकट बदलणं. बंद झालेल्या मॉडेलच्या फ्रेम मिळणं कठीण, तेव्हा तिसरा मार्ग नावापुरताच.

पहिल्या दोन मार्गांतली निवड एका गोष्टीवर ठरते: काच कोरली गेली आहे का. आत अडकलेलं पाणी काचेतला सोडियम ओढून घेतं, पाण्याचा तो पातळ थर अल्कधर्मी होत जातो आणि मग तो काचच विरघळवायला लागतो. त्याआधी दिसणारा पांढरेपणा हा नुसता क्षारांचा थर असतो आणि तो निघतो. कोरलेली काच मात्र कितीही घासली तरी पूर्ववत होत नाही. सिरियम ऑक्साइडने पॉलिश करून अगदी हलका धुरकटपणा कमी होतो, पण चार बोटांचा पट्टा जात नाही. यासाठीच मी लोकांना सांगतो की सकाळी येऊन दुपारी जाणारं धुकं असताना काम करा. पट्टा बसेपर्यंत थांबलात तर काचेचेही पैसे जातात.

झोपायच्या खोलीची खिडकी मी हातात घेतली नाही. ती बिजागरीवर उघडते, आग लागली तर माणसांनी तिथून बाहेर पडायचं असतं, आणि तिची काच फ्रेमला चिकटवलेली आहे. ती उघडली नाही किंवा बंद राहिली नाही, तर परिणाम धुक्याहून फार वाईट. ती मोटरहोमच्या काचांचंच काम करणाऱ्या दुकानात गेली. टेबलापाशीची काच कोरलेली होती, हे पट्ट्यावरून उघड होतं. तिच्यासाठी नवं युनिट मागवायचं ठरलं. ड्रायव्हरची काच उघडून पाहायची.

उघडायचा क्रम असा. आतल्या बाजूने खिडकीभोवती एक चौकट असते, स्क्रूने बाहेरच्या फ्रेमला आवळलेली. ते स्क्रू काढायच्या आधी बाहेर शिडीवर काका आणि शेजारी खिडकी धरून उभे राहिले, कारण शेवटचा स्क्रू निघाला की वजन बाहेरच्या बाजूला येतं. जुनं ब्युटाइल प्लास्टिकच्या पातळ पात्याने सोडवत गेलो, खिडकी हळूच बाहेर काढली आणि जाड कांबळ्यावर आडवी ठेवली. फ्रेमचा सांधा एका बाजूला छोट्या पट्टीने जोडलेला होता. ते स्क्रू काढून फ्रेम जरा फाकवली आणि रबरासकट काच सरकवून घेतली. त्याआधी काचेवर आतली बाजू, बाहेरची बाजू आणि वरची कड मार्करने लिहून ठेवली. बाहेरची काच गडद, आतली स्वच्छ. उलट बसली तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. एकूण जाडीही व्हर्नियरने मोजून घेतली, कारण रबराच्या खाचेत नवी जाडी तंतोतंत बसायला हवी.

दोन काचा वेगळ्या करणं हा सगळ्यात नाजूक भाग. टेम्पर्ड काच पोटात घट्ट असते पण कडेला दुबळी. कडेला कपची उडाली की आख्खी जाते. म्हणून धातूचं पातं पाचरीसारखं ठोकायचं नाही. इथे बाहेरचा थर ब्युटाइलचा होता, तो उष्णतेने मऊ होतो. हीट गन एका जागी न धरता फिरवत राहिलो आणि विणलेली बारीक तार दोन लाकडी मुठींना बांधून करवतीसारखी ओढत कड कापत गेलो. पॉलिसल्फाइड असतं तर उष्णतेचा उपयोग झाला नसता, नुसतं कापत बसावं लागलं असतं. जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा दोघांनाही, पूर्ण वेळ.

काचा वेगळ्या झाल्यावर पांढऱ्या डागांवर व्हिनेगर लावून ठेवलं. डाग सुटले. काच कोरलेली नव्हती. काकूंचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

मग सफाई. जुनं ब्युटाइल त्याच्याच गोळीने टिपून घेतलं, उरलेलं मिनरल स्पिरिटने आणि शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा, कारण स्पिरिट स्वतःच एक तेलकट थर मागे ठेवतं आणि त्यावर नवं सील धरत नाही. त्यानंतर काचेच्या आतल्या बाजूला बोट लागू दिलं नाही. बंद झाल्यावर तो ठसा कायमचा.

स्पेसर म्हणून मी फोमची लवचीक पट्टी वापरली, जिच्या अंगातच शोषक मिसळलेलं असतं आणि पाठीला वाफ अडवणारा पापुद्रा असतो. मोटरहोमच्या खिडक्यांचे कोपरे गोल. ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी तिथे वाकवायला यंत्र लागतं, ही हाताने वळते. पट्टी कडेपासून सारखं अंतर सोडून आत लावली, म्हणजे बाहेरच्या सीलला जागा राहते. तिचा सांधा एकच ठेवला आणि तो वरच्या कडेला घेतला, जिथे पाणी साचत नाही. पट्टीचं पाकीट काचा पूर्ण तयार झाल्यावरच फोडलं. शोषक उघड्या हवेतलं पाणीही पितच असतं, दमट जागी काही तासांतच त्याची ताकद संपते. डेन्व्हरची दुपारची कोरडी हवा इथे कामी आली. टेक्सासच्या किनाऱ्यावर हेच काम मी एसी लावलेल्या खोलीत केलं असतं.

काचा जोडताना उंचीचाही विचार होता. १,६०० मीटरवर बंद केलेल्या युनिटमध्ये घाट चढताना ताण आधीपेक्षा कमी येणार, पण समुद्रकाठी उतरल्यावर बाहेरचा दाब काचा आत ढकलणार. ड्रायव्हरची काच लहान आहे, ती आत वाकायला फारशी जागा नाही, आणि दाब आत ढकलतो तेव्हा सील ताणलं जाण्याऐवजी पट्टीवर दाबलं जातं. डोंगरात जास्त फिरणाऱ्या गाडीसाठी मला हे योग्य वाटतं.

कडेची खाच पॉलिसल्फाइडने भरली, हवेचे बुडबुडे राहू न देता. आंबट वास येणारं साधं सिलिकॉन इथे वापरू नये. ते सुकताना सुटणारं आम्ल आतल्या सीलला आणि धातूला बाधतं, शिवाय सिलिकॉनमधून वाफ सहज जाते. युनिट सपाट ठेवून पूर्ण सुकू दिलं.

टेबलापाशीच्या काचेसाठी जुन्या काचेवरून पातळ प्लायवूडचा साचा कापून काचवाल्याकडे दिला. मोजमापं कागदावर देण्यापेक्षा साचा बरा, गोल कोपऱ्यांत वाद राहत नाही. त्यासोबत रंगाची छटा जुळवायला जुन्या काचेचं युनिटही दिलं. एक गोष्ट आग्रहाने सांगितली: नव्या काचेवर सुरक्षा काचेचा शिक्का हवा. अमेरिकेत वाहनाच्या काचांना फेडरल मोटर व्हेइकल सेफ्टी स्टँडर्ड २०५ हे केंद्रीय सुरक्षा मानक लागू होतं. जुन्या काचेच्या कोपऱ्यात 'डीओटी' (अमेरिकी परिवहन खातं) क्रमांक आणि काच गाडीत कुठे चालते ते सांगणारी 'एएस' श्रेणी कोरलेली होती, तीच श्रेणी नव्यावर यायला हवी. घराच्या खिडक्यांचं काम करणारा काचवाला हे आपणहून विचारेलच असं नाही. काच यायला काही आठवडे लागले, तोवर त्या भोकावर रंग दिलेलं प्लायवूड होतं.

फ्रेमवर मी काचेइतकाच वेळ घालवला. सिलिकॉनची रेघ प्लास्टिकच्या पात्याने मुळापासून काढली, खाचा मोकळ्या केल्या, काच जिच्यात बसते त्या फ्रेमच्या खोबणीतला, म्हणजे चॅनेलमधला, काळा गाळ ब्रशने धुऊन काढला. मग फ्रेममध्ये कपभर पाणी ओतून ते खालून धारेने बाहेर पडतं का ते पाहिलं. काच बसवताना तिच्या खाली, रुंदीच्या पाव आणि पाऊण अंतरावर, कडक रबराचे दोन ठोकळे ठेवले. काच त्यांच्यावर उभी राहते, सीलची कड चॅनेलच्या तळाला टेकत नाही, आणि पाणी तिच्या खालून वाहून जातं. हे ठोकळे मूळ खिडकीतही होते, पण सरकून एका कोपऱ्यात गेले होते.

गाडीच्या भिंतीवर फ्रेम बसवताना ब्युटाइलची नवी पट्टी लावली आणि आतल्या चौकटीचे स्क्रू समोरासमोरचे घेत थोडे थोडे आवळले. दुसऱ्या दिवशी ब्युटाइल दबल्यावर पुन्हा एक फेरी. एकदम पिळून आवळले की फ्रेम वाकते आणि काचेवर ताण राहतो. बाहेरून सिलिकॉन मारायचंच असेल तर वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना, खाली नाही. होजच्या पाण्याची परीक्षा खालून वर घेत गेलो, म्हणजे गळती निघालीच तर ती कोणत्या उंचीवर आहे ते कळतं. गळती नव्हती.

त्यानंतर गाडी एक आख्खा हिवाळा टेक्सासच्या किनाऱ्याला राहून परत आली आणि उन्हाळ्यात घाटही चढली. तिन्ही खिडक्यांवर बर्फाची चाचणी घेतली, कुठेही डाग उमटला नाही. समुद्रकाठी टेबलापाशीच्या मोठ्या काचेतलं प्रतिबिंब थोडं वाकडं दिसतं, असं काकूंच्या लक्षात आलं होतं. काचा आत दबल्याची ती खूण, वर आल्यावर ती गेली.

ओट्याजवळच्या छोट्या खिडकीच्या खाचा मी त्याच वेळी साफ करून दिल्या होत्या, पण तिच्यातला फिकट डाग अजून उमटतो. शोषक भरत आलेलं आहे. काच कोरली जायच्या आत ती उघडायची, आणि या वेळी तार ओढायचं काम काकांना स्वतः करायचं आहे. पट्टी आणि पॉलिसल्फाइड त्यांनी आणून ठेवलंय. पाकीट मात्र फोडू नका, असं मी बजावून सांगितलं आहे.